दारातला घाट

मे महिना संपत आला की अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातल्या गल्ल्यांतून ट्रेलर बाहेर निघतात. सहा महिने निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली ही चाकांवरची घरं एखाद्या शनिवारी अंगणात उभी राहतात. कुणी छपरावरची मेपलची जुनी पानं झाडतं, कुणी टायरमध्ये हवा भरतं, कुणी सगळी दारं-खिडक्या उघडून आत अडकलेला हिवाळा बाहेर घालवतं. कापलेल्या गवताचा वास, लायलॅकचा वास आणि बंद डब्यातून सुटलेली कुबट हवा. बाकीच्यांना हा वास सुट्टीचा वाटत असेल. मला तो शहाऐंशी सालच्या उन्हाळ्याचा वाटतो, आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो तर त्यात तापलेल्या ब्रेकचाही वास मिसळतो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये नाना आले होते. नाना म्हणजे माझे वडील. कर्जतला राहिले, एकतीस वर्षं रेल्वेत गार्ड होते, आधी मालगाडीवर, मग प्यासेंजरवर, आणि त्यातली बहुतेक वर्षं लोणावळ्याचा घाट चढण्या-उतरण्यात गेली. गार्डाचा डबा गाडीच्या अगदी शेवटी. म्हणजे या माणसानं एकतीस वर्षं प्रवास केला तो मागे पळणारे रूळ बघत. पुढे काय येतंय हे त्यांना ते मागे गेल्यावरच कळायचं. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी त्यांना पाच महिन्यांसाठी बोलावून घेतलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याचं परतीचं तिकीट होतं, आणि पुन्हा यायचं नाही हे त्यांनी विमानतळावरून घरी येतानाच सांगून टाकलं. "एकदा तुझं सगळं बघून जातो. पुन्हा एवढं बसणं माझ्यानं व्हायचं नाही, अवी."

सगळं बघायचं म्हणजे काय? मेच्या मध्यापर्यंत त्यांनी आमचं तळघर, किराणा दुकान, दोन वाढदिवस आणि एका ओळखीच्यांकडची सत्यनारायणाची पूजा बघितली होती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एक वाजता वादळाचा भोंगा तपासणीसाठी वाजतो, तो ऐकून पहिल्या खेपेला ते चपला न घालता बाहेर धावले. दुसऱ्या खेपेला खिशातलं घड्याळ हातात घेऊन दारात उभे होते. "चाळीस सेकंद लेट," म्हणाले.

एका संध्याकाळी बोलता बोलता मी त्यांना उत्तरेकडच्या मोठ्या तळ्याबद्दल सांगितलं. मार्क्वेट नावाच्या गावी लोखंडाच्या मातीनं भरलेल्या मालगाड्या एका उंच धक्क्यावर चढतात, वाघिणींची पोटं खालून उघडतात आणि ती माती गडगडत खालच्या जहाजात पडते. नानांनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"वाघिणीचं पोट? खालून उघडतं?"

"हो."

"आणि गाडी धक्क्यावर असताना?"

"हो, नाना."

"ते बघायला पाहिजे," ते म्हणाले. एप्रिलपासून त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट.

बाहेरचं खाणं त्यांना चालत नव्हतं. मग हॉटेलात राहून कसं जमणार? म्हणून मी ऑफिसातल्या एका निवृत्त होणाऱ्या गृहस्थाकडून सतरा फुटी ट्रेलर घेतला. आत दोन बर्नरची शेगडी, सिंक, चौघांपुरत्या बिछान्यांच्या फळ्या. माझ्याकडे वर्षभरापूर्वी घेतलेला पिकअप ट्रक होता, केबिनमध्ये मागे दोन लहान बाकडी असलेला. जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत मोटारीचे कारखाने बंद राहतात, आमचंही ऑफिस त्यात आलं. त्या दोन आठवड्यांत गेलो तर गेलो. नाही तर नाना तळघर आणि किराणा दुकान बघून कर्जतला परत जाणार होते.

मी आकडे मांडून काम करणारा माणूस आहे. ट्रेलरच्या दारावर पत्रा होता, त्यावर रिकाम्या ट्रेलरचं वजन २,६५० पौंड लिहिलेलं. सामानाचे मी तीनशे धरले. बेरीज २,९५०. तीन हजारांच्या आत असेल तर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असलाच पाहिजे असं नाही, हा नियम मी वाचलेला होता. पन्नास पौंडांनी आपण नियमात बसतो. ट्रेलरच्या चाकांत विजेवर चालणारे ब्रेक होते, पण त्यांना हुकूम देणारी पेटी माझ्या ट्रकमध्ये नव्हती. ती नसली तरी चालेल असं माझ्या कागदावर सिद्ध झालेलं होतं.

मेच्या शेवटच्या शनिवारी तालीम म्हणून जवळच्या एका तळ्यावर निघालो. ट्रॉय तळहातासारखं सपाट आहे, पण उत्तरेला नदीकडे जाताना एक रस्ता खाली उतरतो आणि उताराच्या टोकाला सिग्नल आहे. सिग्नल लाल झाला. मी ब्रेक दाबला. ट्रक थांबू लागला, ट्रेलर थांबेना. मागून कुणीतरी खांदा लावून ढकलावं तसं ते ओझं आम्हाला पुढे रेटत राहिलं. पांढरी रेघ गेली, पायी जाणाऱ्यांचे पट्टे गेले, आणि आम्ही चौकात नाक घालून उभे राहिलो. डावीकडून आलेली खडीची लॉरी भोंगा वाजवत आमच्या समोरून गेली. तिच्या चाकांवरचा चिखल मला दिसला.

शैला, माझी बायको, नानांसमोर मला 'अहो' म्हणायची. त्या दिवशी विसरली. "तू थांबव. बाजूला घे. आत्ताच्या आत्ता." मी गाडी कडेला घेतली. तिनं आमच्या सात वर्षांच्या मुलीला, मीनूला, खाली उतरवलं आणि गवतावर बसून राहिली. मग उठून माझ्याकडे आली. "मागचं हे थांबेपर्यंत मी आणि मीनू या गाडीत बसणार नाही. नाना, तुम्हीही बसायचं नाही."

नाना ट्रेलरच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे बघत. त्यांच्या डब्यातून त्यांना जसे रूळ दिसत असतील तसा तो उतार त्यांना दिसत असावा. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "हे वजन तू स्वतः केलंस की पत्र्यावरचं वाचलंस?"

सोमवारी ऑफिसला जाण्याआधी मी ट्रेलर खडीच्या वखारीत नेला आणि तिथल्या मोठ्या काट्यावर चढवला. ३,४२० पौंड. माझ्या तीनशेच्या जागी सातशे सत्तर.

"बघ, तुझी भांडी," मी शैलाला म्हणालो. प्रेशर कुकर दोन, कढया, पोळपाट, दहा किलो तांदूळ.

तिनं न्हाणीघरातला वजनकाटा आणला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवायला लावली. स्वयंपाकघर १९० पौंड. माझी हत्यारांची पेटी एकटी ११२. पाण्याची टाकी तर मी धरलीच नव्हती. ती भरल्यावर १६७ पौंड.

"आता बोला," ती म्हणाली. 'अहो'ची भाषा परत आली होती, पण राग गेला नव्हता.

मग सुरू झाली पेटीची निवड. त्या काळी घरबसल्या काही शोधता येत नसे. दुकानातून माहितीपत्रकं आणायची, आणि जो वर्षानुवर्षं ट्रेलर ओढतो त्याला गाठायचं. तीन जाती निघाल्या. पहिली ट्रकच्या ब्रेकच्या तेलाच्या नळीला जोडायची. पाय जेवढा दाबाल तेवढं तेल दाबलं जातं आणि तेवढीच वीज मागे जाते. काम चोख, पण त्यासाठी ट्रकची धडधाकट नळी कापावी लागणार. दुसरी वेळेवर चालणारी. पेडलला पाय लागला की ती ठरलेल्या वेगानं वीज वाढवत नेते, मग तुम्ही हळूच पाय ठेवा नाही तर घाबरून दाबा. तिसरीत एक छोटा लोलक टांगलेला. ट्रकचा वेग जसा कमी होईल तसा तो पुढे झुकतो, आणि जेवढा झुकेल तेवढी वीज मागच्या चाकांना.

मी आलेखाच्या कागदावर तक्ता केला. डावीकडे तीन जाती, वर बारा निकष, प्रत्येकाला दहापैकी गुण. विजय वानखेडे तेव्हाच आला. विजय नागपूरचा, विजेचा इंजिनियर, आमच्यापासून दोन मैलांवर राहायचा. त्यानं तक्ता उचलला, चष्मा वर केला.

"काय बे अव्या, गुणमेलन करून राहिला? आमच्या लोकांनी पत्रिका जुळवणं कधीच बंद केलं, अन् तू लोखंडाशी सुरू केलं यार. किती जुळले?"

"एकशे वीसपैकी सत्त्याण्णव. लोलकवाली."

"मुलगी चांगली आहे. स्वभाव कसा?"

"तिला सरळ बसवावं लागतं. पत्रकात लिहिलंय, पेटी समपातळीत बसवणं अत्यंत आवश्यक."

"मग तुझ्याच घरची आहे," विजय म्हणाला. शैला आतून हसली. लाल सिग्नलनंतर ती पहिल्यांदाच हसत होती.

नानांनी तक्ता नुसता बघितला. पहिल्या जातीवर बोट ठेवून म्हणाले, "पुढचा ब्रेक कापून मागच्याला द्यायचा, हे नको." दुसरीवर बोट ठेवलं. "हिला घाई कळत नाही." तिसरीपाशी थांबले. "ही बरी. पण ही पण सगळी पुढच्याच डब्यात आहे."

त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

जूनचे तीन शनिवार मी ट्रकच्या डॅशबोर्डाखाली उताणा पडून काढले. आजही तो तापलेल्या प्लॅस्टिकचा, रबराचा आणि सोल्डरच्या धुराचा वास आला की माझी मान आखडते. लाल वायर ब्रेकच्या पेडलवरच्या स्विचला, काळी बॅटरीला, पांढरी ट्रकच्या अंगाला आणि निळी मागे ट्रेलरपर्यंत. काळीला मध्ये वीस अँपियरचा सर्किट ब्रेकर. निळी वायर चासीच्या कडेनं नेताना मी दर दीड फुटावर एक पट्टी मारली. विजय म्हणायचा, "तीन फुटांवर मारली तर काय अमेरिकेचं सरकार पडते का?" पण बसून वायरी सोलत तोच राहायचा, आणि प्रत्येक जोड ओढून बघायचा.

नाना घडीच्या खुर्चीत उघड्या दाराशी बसलेले असत, जूनमध्येही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. पत्रकातली एकेक ओळ इंग्रजीत मोठ्यानं वाचून दाखवत, आणि मी ती पूर्ण केल्याचं सांगितल्याशिवाय पुढची वाचत नसत. मधूनच एखादी गोष्ट सांगत. माझं डोकं डॅशबोर्डाखाली असल्यामुळे मला फक्त आवाज ऐकू यायचा, त्यामुळे त्या गोष्टी माझ्या आठवणीत बिनचेहऱ्याच्या आहेत.

त्यातली एक अशी. घाट उतरण्याआधी गाडी वर थांबवून ब्रेक तपासत. इंजिनात एक तबकडी, गार्डाच्या डब्यात दुसरी. इंजिनातला काटा चढला म्हणजे ब्रेकचा दम इंजिनापाशी आहे, एवढंच कळतं. शेवटच्या डब्यातला काटा चढला तरच तो दम सगळ्या गाडीतून पार मागे पोचला. एका सकाळी पुढचा काटा बरोबर होता आणि नानांचा चढेना. ड्रायव्हर शिट्ट्या मारतोय, खालून विचारणा येतेय. नानांनी हिरवं निशाण दाखवलंच नाही. चाळीस मिनिटं. सगळी गाडी पायी तपासली तेव्हा मधल्या एका नळीत चिंध्यांचा बोळा सापडला.

"मग? शाबासकी?" मी खालून विचारलं.

"कसली? चाळीस मिनिटं माझ्या नावावर लागली. प्यासेंजर गाडी मिळायची होती, ती वर्षभर पुढे गेली."

ते वर्ष मला आठवत होतं. प्यासेंजर गाडी मिळाली असती तर नाना दिवाळीला घरी असते. मी आठ वर्षांचा होतो आणि फुसका निघालेला फटाका त्यांच्या रिकाम्या खुर्चीखाली ठेवला होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांच्या हातून काही चुकलं असेल.

तिसऱ्या शनिवारी पेटी बसवली. पातळी बघायचा नवाकोरा स्पिरिट लेव्हल तिच्या पाठीवर ठेवला. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत स्क्रू पाव-पाव फेरा फिरवला. विजयला बोलावून दाखवला, त्यानंही मान डोलावली. मग पेडल दाबलं. पेटीवरचा छोटा दिवा लागला, मीटरवर व्होल्ट बरोबर. मी घामानं भिजलो होतो आणि इतका खूष होतो की शैलाला हाक मारून तो बुडबुडा दाखवला. ती म्हणाली, "छान आहे. थांबतं का?"

रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो, मी आणि विजय. खडूची रेघ मारली, ताशी पंचवीस मैलांवर रेघ आली की ब्रेक दाबायचा आणि टेपनं अंतर मोजायचं. नुसता ट्रक छत्तीस फुटांत थांबत होता. ब्रेकशिवाय ट्रेलर जोडला की एकसष्ट. बेचाळीसच्या आसपास थांबलं तर काम झालं असं मी ठरवलं होतं. पेटी चालू करून थांबलो. पंचावन्न. पुन्हा, पंचावन्न. वीज वाढवली. आता ट्रेलर आधी ढकलायचा आणि मग उशिरानं हिसका द्यायचा. चौपन्न.

बारा वेळा केलं. शेवटी टेपची पट्टी गुंडाळली. कारखाने बंद व्हायला सहा दिवस उरले होते.

घरी येऊन मी नेहमीसारखा ट्रेलर मागे रेटत गॅरेजपाशी लावला. ट्रकचं तोंड रस्त्याकडे. नाना ड्राइव्हवेवर त्यांच्या सकाळच्या फेऱ्या घालत होते, दारापासून टपालपेटीपर्यंत आणि परत. मी त्यांना आकडे सांगितले. ते ऐकत फेऱ्या मारत राहिले. मग थांबले.

"पेटी सरळ केलीस तेव्हा गाडी कुठे होती?"

"इथेच."

"तोंड?"

"असंच, रस्त्याकडे."

"शैला," त्यांनी हाक मारली, "तांब्याभर पाणी आण गं."

शैलानं पाणी आणलं. नानांनी ते ट्रकच्या मागच्या चाकापाशी ओतलं. पाणी क्षणभर थांबलं आणि मग ट्रकखालून, पुढच्या चाकांमधून, टपालपेटीच्या दिशेनं घाईघाईनं निघालं. आम्ही पाचही जण ते बघत होतो. मीनू म्हणाली, "इट्स गोइंग टू द स्ट्रीट!"

"जाताना दम लागत नाही, येताना लागतो," नाना म्हणाले. "रोज वीस फेऱ्या मारतो मी."

मी लांब फळी आणली, मोजलं. दहा फुटांत साडेआठ इंच. चौदात एक.

"आमचा घाट सदतिसात एक," नाना म्हणाले. "सगळे इंजिनियर त्याला घाबरायचे. तुझ्या तर दारातच घाट आहे."

विजय फुटपाथवर बसून हसत सुटला. "दोन इंजिनियर बे! दोन! अन् पाच वर्षं या उतारावरचा बर्फ काढून राहिला तू!" मला हसू आलं नाही. माझा बुडबुडा खोटं बोलत नव्हता, तो पृथ्वीशी समपातळीत होता. ट्रक नव्हता. उतारावर उभ्या केलेल्या ट्रकमध्ये मी पेटी सरळ केली, म्हणजे सपाट रस्त्यावर ती वाकडी झाली. लोलकाला पुढे यायला आधी तेवढा चढ चढून यावं लागत होतं. जिथे उभे आहोत ती जागा सपाट आहे का, हे बघायचं माझ्या बारा निकषांत नव्हतं. दुसऱ्या कुणाला ही चूक एवढ्या काळजीपूर्वक करता आली नसती.

त्याच दुपारी शाळेच्या पार्किंगमध्ये पेटी पुन्हा सरळ केली. या वेळी नाना आले आणि त्यांनी आधी तिथेही पाणी ओतलं. पाण्याचं थारोळं जागच्या जागी पसरलं. मग थांबून बघितलं. एक्केचाळीस. पुन्हा, एक्केचाळीस. हिसका नाही, ढकलणं नाही. मागचं ओझं आपलं आपण थांबत होतं.

मी आकडा शैलाला सांगितला. ती आकड्याकडे बघतही नव्हती. "नाना, तुम्ही सांगा."

नाना म्हणाले, "दहा मैल फिरवून आण."

फिरवून आणला. नाना ट्रेलरच्या डाव्या चाकापाशी वाकले, तळहाताची मागची बाजू चाकाच्या मध्याजवळ नेली, मग हळूच टेकवली. उठले, वळसा घालून उजव्या चाकाशी गेले. चाकांना गोंजारल्यासारखं ते बघून मीनू माझ्या कानात म्हणाली, "आजोबा इज पेटिंग द व्हील्स."

"डावं गरम," नाना म्हणाले. "उजवं थंड."

पेटीवरचा दिवा लागत होता. मीटरवर व्होल्ट बरोबर होते. ट्रेलर एक्केचाळीस फुटांत थांबत होता. आणि उजवं चाक काही करतच नव्हतं. सगळा भार डावं एकटं घेत होतं. ओल्या रस्त्यावर, वळणावर, पुलावर त्यानं ट्रेलर कुठे फिरवला असता हे मला आजही मनात आणायचं नाही. "ही पण सगळी पुढच्याच डब्यात आहे" म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. उजव्या चाकाच्या आत एक वायर गंजून तुटली होती. विजयनं आणि मी ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर जोडली. पुन्हा पार्किंग, पुन्हा खडू. या वेळी अडतीस फूट. पुन्हा दहा मैल. नानांनी दोन्ही चाकांना हात लावला. दुसऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबले.

"सारखी," ते म्हणाले.

शैला आत गेली आणि तांदळाचा डबा ट्रेलरमध्ये ठेवून आली.

जुलैच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात वाजता निघालो. शैला आणि मीनू मागच्या बाकड्यांवर बसल्या होत्या. मी इंजिन सुरू करून नानांची वाट बघत होतो. ते येईनात. उजव्या आरशात बघितलं तर नाना ट्रेलरच्या शेवटी उभे होते. मी पेडल दाबलं, मागचे दिवे लागले असावेत, कारण त्यांनी मान हलवली. मग त्यांनी खिशातून शैलाचा भांडी पुसायचा हिरवा पंचा काढला आणि हात लांब करून सावकाश हलवला. समोरच्या घरातल्या बाई गवताला पाणी घालत होत्या, त्यांनीही हात हलवला. नाना येऊन पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावून घेतला, घड्याळ बघितलं. "सात चार," म्हणाले.

एकतीस वर्षं मागे पळणारे रूळ बघितलेल्या माणसाकडे आता रस्ता समोरून येत होता. मला वाटलं होतं त्यांना ते आवडेल. पण ते सगळा वेळ उजव्या आरशात बघत होते. "नाना, समोर बघा ना," मी म्हणालो.

"समोर तू बघतोयस की."

मोठ्या पुलाच्या अलीकडे आम्ही विश्रांतीसाठी थांबलो. शैला मीनूला घेऊन स्वच्छतागृहाकडे गेली, नानांनी डोळे मिटले होते. मी उतरलो, ट्रेलरला वळसा घातला, दोन्ही चाकांना हात लावून बघितला आणि परत येऊन बसलो. मग तो पाच मैलांचा पूल आणि खाली दोन्हीकडे निळं पाणी. पुलाच्या उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवला आणि मागचं ओझं कुजबुजल्यासारखं शांतपणे थांबत आलं. मीनूला कळलंही नाही. शैलानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

पलीकडे जंगलातल्या एका फाटकापाशी मालगाडी आडवी आली. नाना वाघिणी मोजू लागले, ओठ हलत होते. एकशे चार. आणि मग गाडी संपली. शेवटी डबाच नव्हता. शेवटच्या वाघिणीच्या कड्याला एक पेटी अडकवलेली आणि तिच्यावर लुकलुकणारा लाल दिवा.

"गार्ड कुठे आहे?"

मी ऐकलेलं होतं. इथे आता एकेका मार्गावरून गार्डाचा डबा काढून टाकत होते. ती पेटी शेवटच्या डब्यातला ब्रेकचा दाब मोजते आणि बिनतारी पुढे ड्रायव्हरला कळवते, असं मी सांगितलं.

नाना त्या लाल दिव्याकडे तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. "म्हणजे शेवटच्या डब्याची खबर पुढे जाते."

"जाते, नाना."

"मग हरकत नाही," ते म्हणाले. आणि पुन्हा उजव्या आरशात बघू लागले.

मार्क्वेटचा धक्का त्यांनी बघितला. वाघिणींची पोटं उघडली आणि लाल माती गडगडत जहाजात पडली. त्या आवाजात नाना काहीतरी ओरडून सांगत होते, मला ऐकू आलं नाही, पण ते हसत होते.

सप्टेंबरमध्ये ते कर्जतला परतले. दोन वर्षांनी तिथूनही गेले, ते कायमचेच. मी पोचलो तेव्हा चार दिवस उलटले होते.

परवा मी माझा ट्रेलर बाहेर काढला. ट्रकही बदलला, ट्रेलरही. ब्रेकची पेटी आता ट्रकमध्ये कारखान्यातूनच बसवून येते, बुडबुडा लागत नाही, ती आपली आपण सरळ होते. तिच्यावर हिरवी अक्षरं उमटतात की ट्रेलर जोडलेला आहे. मी ती वाचतो आणि उतरून मागे जातो. मीनू आता दूर चँडलरला राहते, ती फोनवर हसते. "बाबा, इट टेल्स यू ऑन द स्क्रीन." तिलाही आता घोड्यांचा ट्रेलर आहे. ती मागे जाते की नाही, हे मी विचारत नाही.

नानांना रोज वही लिहायची सवय होती, गार्डाच्या नोंदवहीसारखीच. तारीख, कुठून कुठे, वाघिणी किती, ब्रेक, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेरा फक्त तक्रारीसाठी असतो, असं ते म्हणत. सगळं ठीक असेल तर रकाना कोरा. त्या उन्हाळ्याची वही बहिणीनं मला पाठवली. एप्रिल ते सप्टेंबर, पानामागून पान, शेऱ्याचा रकाना कोरा आहे. भरलेला आहे तो फक्त जुलैमधल्या त्या शनिवारी.

'ट्रॉय ते मार्क्वेट. सुटली ७.०४. वाघिणी १. ब्रेक शेवटपर्यंत तपासला, चाकं सारखी. शेरा: पुलाच्या अलीकडे ड्रायव्हरने न सांगता मागे जाऊन चाकांना हात लावला. आरशात पाहिले.'